पंचावन्न टक्के आणि पुढची चार वर्षे

व्यापारी घरातला माणूस माल घेताना घाई करीत नाही. भाव काय, माल किती दिवस टिकेल, पैसे किती मुदतीत द्यायचे, वाहतूक कोणाकडे आणि माल परत करण्याची वेळ आली तर समोरचा तो घेईल काय, हे सारे विचारल्यावाचून त्याचा सौदा पुरा होत नाही. तोच गृहस्थ मुलाच्या किंवा मुलीच्या महाविद्यालयाचा निर्णय मात्र पुष्कळदा एकाच प्रश्नावर करून टाकतो : 'तिथे गेल्या वर्षी किती टक्क्यांना प्रवेश बंद झाला?' या प्रश्नाचे उत्तर ऐंशी-नव्वदच्या घरात आले आणि हातातील गुणपत्रिकेवर पंचावन्न किंवा साठ टक्के असले, की घरात एकदम शांतता पसरते.

ही शांतता जैन समाजात अधिक बोचते, याला कारण आहे. २०११च्या जनगणनेत साक्षरतेचे प्रमाण सर्व धर्मीयांत जैन समाजाचे सर्वाधिक होते. ज्या समाजात सनदी लेखापाल, डॉक्टर आणि अभियंते घरोघरी आढळतात, ज्या समाजाच्या प्रत्येक मेळाव्यात गुणवंतांचा सत्कार होतो, तेथे मध्यम गुणांचा विद्यार्थी सत्काराच्या यादीत नसतो आणि हळूहळू घरातील बोलण्यातूनही तो वगळला जातो. मग तीन वाटा उरल्याप्रमाणे वाटते. मुलगा असेल तर 'उद्यापासून दुकानात बसू दे.' ऐपत असेल तर 'देणगी किती लागेल ते विचारा.' आणि मुलगी असेल तर 'गावातल्याच महाविद्यालयात नाव घाला, लग्न ठरेपर्यंत शिकेल.' तिन्ही निर्णय निकालानंतरच्या पंधरा दिवसांत होतात आणि त्यांचे परिणाम मात्र पुढची पंचवीस-तीस वर्षे सोबत राहतात.

या तिन्हींखेरीज दुसरे मार्ग आहेत. ते शोधण्यासाठी आधी एक गोष्ट समजून घ्यावी लागते : प्रवेश बंद झाल्याचा आकडा आणि प्रवेशाची पात्रता या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

गर्दीचा आकडा आणि नियमाचा आकडा

एखाद्या महाविद्यालयात गेल्या वर्षी शेवटचा प्रवेश ज्या विद्यार्थ्याला मिळाला, त्याचे गुण म्हणजे तेथील 'कट-ऑफ'. तो त्या इमारतीच्या दारात उभ्या राहिलेल्या गर्दीचा आकडा असतो. विषय तोच, विद्यापीठ तेच, पदवीही तीच. परंतु शहराच्या मध्यभागी असलेल्या नामांकित महाविद्यालयात हा आकडा नव्वदीला भिडतो आणि वीस किलोमीटरवरच्या महाविद्यालयात तीच जागा रिकामी राहते. पात्रता हा नियमाचा आकडा असतो. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या नियमानुसार अभियांत्रिकीच्या चार वर्षांच्या पदवीसाठी बारावीच्या संबंधित तीन विषयांत खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के व राखीव प्रवर्गाला ४० टक्के पुरतात. वाणिज्य, कला व विज्ञान शाखांच्या सर्वसाधारण पदवीसाठी त्या त्या शाखेतून बारावी उत्तीर्ण असणे बहुतेक ठिकाणी पुरेसे असते.

दुसरी बाब अधिक महत्त्वाची आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या बाबतीत महाराष्ट्रात गुणवत्ता यादी लागते ती मुख्यतः राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेच्या, म्हणजे सीईटीच्या गुणांवर. बारावीचे टक्के तेथे पात्रतेपुरते पाहिले जातात. देशपातळीवरही हेच घडले आहे. २०२२पासून केंद्रीय विद्यापीठांतील पदवी प्रवेश 'सीयूईटी' या सामाईक परीक्षेवर होऊ लागले. पूर्वी दिल्ली विद्यापीठात शंभर टक्क्यांच्या आसपास जाणाऱ्या याद्या वर्तमानपत्रांत झळकत असत. आता तेथे बारावीच्या टक्क्यांऐवजी या परीक्षेचे गुण धरले जातात. म्हणून बारावीत असतानाच अशा परीक्षेचा अर्ज भरून ठेवणे, हे मध्यम गुणांच्या विद्यार्थ्यासाठी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी पाऊल ठरते. निकालानंतर जागे होणाऱ्या कुटुंबाला ही संधी त्या वर्षापुरती गेलेली असते.

निकालच चुकीचा वाटत असेल, तर राज्य मंडळाकडून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवून पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. श्रेणीसुधार योजनेखाली पुढच्या परीक्षेला पुन्हा बसण्याचीही सोय आहे. या अर्जांची मुदत थोडकी असते. घरातील रुसवे-फुगवे संपेपर्यंत ती उलटून जाते.

चार वर्षांची नवी पदवी म्हणजे काय

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०मध्ये जाहीर झाले. महाराष्ट्रातील स्वायत्त महाविद्यालयांनी २०२३-२४पासून आणि विद्यापीठांशी संलग्न असलेल्या महाविद्यालयांनी २०२४-२५पासून त्यानुसार पदवी अभ्यासक्रम सुरू केले. पूर्वी बी.कॉम., बी.ए., बी.एस्सी. म्हणजे तीन वर्षे, असा सरळ हिशेब होता. आता तीन वर्षांनंतर पदवी घेता येते आणि इच्छा असल्यास चौथे वर्ष पूर्ण करून 'ऑनर्स' पदवी मिळवता येते. चौथे वर्ष सक्तीचे नाही.

या रचनेत शिक्षणाची मोजदाद श्रेयांकांत होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्याप्रमाणे वर्षाला किमान ४०, तीन वर्षांना १२० आणि चार वर्षांना १६० श्रेयांक लागतात. पहिल्या वर्षानंतर शिक्षण थांबवावे लागले तर उन्हाळ्यातील एक कौशल्य अभ्यासक्रम पूर्ण करून प्रमाणपत्र, तसेच दुसऱ्या वर्षानंतर पदविका मिळते. थांबलेला विद्यार्थी तीन वर्षांच्या आत परत येऊ शकतो आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करू शकतो. मिळवलेले श्रेयांक 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' या राष्ट्रीय खात्यात जमा राहतात. खातेवहीची सवय असलेल्या समाजाला ही कल्पना समजावून सांगण्याची गरज नाही : जमा झालेली रक्कम मधल्या काळात बुडत नाही, एवढाच तिचा अर्थ.

मध्यम गुणांच्या विद्यार्थ्याला या रचनेचा लाभ कसा होतो, हे नीट पाहण्याजोगे आहे. संशोधनासह ऑनर्स पदवीचे चौथे वर्ष घेण्यासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात. येथे बारावीचे गुण कोणी विचारीत नाही. जो विद्यार्थी सतराव्या वर्षी गडबडला, त्याला एकविसाव्या वर्षापर्यंत सहा सत्रे, म्हणजे सहा वेळा स्वतःला सिद्ध करण्याची संधी मिळते. ७५ टक्क्यांपर्यंत पोहोचला नाही तरी साध्या ऑनर्सचा मार्ग आहे. चार वर्षांच्या पदवीनंतर पदव्युत्तर शिक्षण एका वर्षात पूर्ण करता येते. म्हणजे एकूण काळ पूर्वीइतकाच, पाच वर्षे.

शिवाय मुख्य विषयासोबत दुसरा गौण विषय, कौशल्याचे अभ्यासक्रम आणि प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण यांना या रचनेत श्रेयांक आहेत. ज्याचे डोके पुस्तकापेक्षा व्यवहारात अधिक चालते, अशा मुलाला ही रचना पूर्वीच्या केवळ लेखी परीक्षेच्या रचनेपेक्षा मानवते.

एक सावधगिरी मात्र हवी. प्रत्येक महाविद्यालयात प्रत्येक विषयाचे चौथे वर्ष चालेलच, असे नाही. २०२४-२५मध्ये संलग्न महाविद्यालयांत दाखल झालेल्या तुकडीचे चौथे वर्ष २०२७-२८मध्ये येते. तेव्हा 'आपल्याकडे या विषयाचे चौथे वर्ष आहे काय, त्याला विद्यापीठाची मान्यता आहे काय', हा प्रश्न प्रवेशाच्या दिवशीच विचारलेला बरा.

वाणिज्य शाखा : नावापेक्षा चौकट पाहावी

व्यापारी घरांतील बहुसंख्य मुले वाणिज्य शाखेत असतात. येथे बी.बी.ए., बी.एम.एस. आणि बी.सी.ए. या पदव्यांचे आकर्षण मोठे आहे. २०२४-२५पासून हे अभ्यासक्रम तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि महाराष्ट्रात त्यांच्यासाठी २०२४मध्ये प्रथमच सीईटी झाली. त्या पहिल्याच वर्षी पुष्कळ पालकांना ही परीक्षा आहे हेच ठाऊक नव्हते. जागा रिकाम्या राहिल्या आणि राज्याला अतिरिक्त सीईटी घ्यावी लागली. काही महाविद्यालयांनी यासारखाच अभ्यासक्रम बी.कॉम.च्या अंतर्गत, व्यवस्थापन हा विषय ठेवून, विद्यापीठाच्या चौकटीत चालवणे पसंत केले. त्यामुळे जाहिरातीतील नाव वाचून थांबू नये. अभ्यासक्रम कोणाच्या मान्यतेने चालतो, सीईटी लागते की नाही, आणि गुणपत्रिकेवर व पदवी प्रमाणपत्रावर नेमके कोणते नाव छापले जाणार, ही तीन उत्तरे लेखी मिळवावीत.

सनदी लेखापाल होण्याचे स्वप्न बारावीच्या टक्क्यांवरून मोडीत काढण्याचे कारण नाही. बारावी उत्तीर्ण विद्यार्थी फाउंडेशन परीक्षेला बसू शकतो. फाउंडेशन झेपले नाही तरी वाणिज्य पदवीला ५५ टक्के, अथवा अन्य शाखेच्या पदवीला ६० टक्के मिळवणारा विद्यार्थी थेट इंटरमीडिएट परीक्षेचा मार्ग धरू शकतो. बारावीला ५५ टक्के मिळालेल्या मुलाने पदवीलाही तेवढेच सांभाळले, तर ज्या दारातून तो परतला असे घरच्यांना वाटले होते, त्याच घराचे दुसरे दार त्याला उघडे सापडते.

ज्यांना वडिलांचे आजारपण, भागीदारीतील फूट किंवा मनुष्यबळाची चणचण यामुळे पेढीवर बसणे खरोखरच भाग आहे, त्यांनी शिक्षण सोडण्याऐवजी त्याचे रूप बदलावे. १९८९मध्ये स्थापन झालेले नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि १९८५मध्ये स्थापन झालेले इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ यांच्या पदव्या नियमित पदवीच्या बरोबरीने मान्य आहेत. २०२२पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करण्यासही परवानगी दिली आहे. सकाळी दुकान आणि रात्री अभ्यास हा क्रम कष्टाचा आहे, परंतु 'नंतर बघू' म्हणून सोडलेल्या शिक्षणापेक्षा तो पुष्कळ बरा. दुकानात बसलेल्या मुलाच्या हाती पैसा खेळू लागला, की 'नंतर' सहसा येत नाही.

विज्ञान शाखा : घरच्या धंद्याकडे पाहून

विज्ञान शाखेच्या मध्यम विद्यार्थ्यापुढे सहसा एकच चित्र ठेवलेले असते : संगणक अभियांत्रिकी, आणि तीही पुण्या-मुंबईत. त्या एका शाखेसाठी झुंबड उडते, आणि त्याच केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत अन्य शाखांच्या जागा मात्र शेवटच्या फेरीनंतरही रिकाम्या असतात. कुटुंबाने येथे स्वतःच्या धंद्याकडे एकदा पाहावे.

कापडाचा व्यापार असलेल्या घराला वस्त्रतंत्रज्ञानाची चार वर्षांची पदवी परकी नाही. यंत्रमागांचे गाव असलेल्या इचलकरंजीत डीकेटीई या संस्थेत हे शिक्षण मिळते. धान्य, डाळी, मसाले किंवा किराणा यांचा व्यापार असलेल्या घराला अन्नतंत्रज्ञान जवळचे आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठात या विषयाचे स्वतंत्र महाविद्यालय आहे. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चार कृषी विद्यापीठांच्या कक्षेत कृषी व कृषिव्यवसाय व्यवस्थापन यांच्या चार वर्षांच्या पदव्या आहेत. आडत दुकानात तीन पिढ्या घालवलेल्या कुटुंबातील मुलगा अशा वर्गात बसला, तर त्याला पहिल्या दिवसापासून विषय ओळखीचा वाटतो.

औषधांचे दुकान असलेल्या घरांसाठी आणखी एक वाट आहे. बारावी विज्ञाननंतर दोन वर्षांची औषधनिर्माणशास्त्राची पदविका करून विद्यार्थी चार वर्षांच्या बी.फार्म. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश घेऊ शकतो. औषधविक्रीच्या परवान्यासाठी नोंदणीकृत औषधनिर्माता लागतो, हे दुकानदारांना ठाऊकच आहे. दुसऱ्याचे प्रमाणपत्र भिंतीवर लावण्यापेक्षा घरातील मुलीचे किंवा मुलाचे लागलेले केव्हाही चांगले.

अभियांत्रिकीसाठीही असा पायऱ्यांचा मार्ग आहे. दहावीनंतर तीन वर्षांची तंत्रनिकेतनाची पदविका आणि मग पदवीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश. बारावी विज्ञान झालेल्यालाही पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. पदविकेत हाताने काम करावे लागते. ज्याला सूत्रे पाठ होत नाहीत पण यंत्र उघडून समजते, तो तेथे रुळतो. शुश्रूषाशास्त्राची चार वर्षांची पदवीही अशीच. भौतिक, रसायन व जीवशास्त्रात ४५ टक्के ही तिची पात्रता आहे. देशात आणि परदेशात या शिक्षणाला मागणी असते. समाजातील घरे या मार्गाकडे क्वचितच पाहतात. रुग्णसेवेला समाजात एवढा मान असताना त्या सेवेचे रीतसर शिक्षण घेण्यास संकोच का वाटावा, याचा विचार व्हायला हवा.

हातात कला असलेली मुले

काही मुलांच्या वहीच्या शेवटच्या पानावर आकडेमोडीऐवजी चित्रे सापडतात. दृश्यकलेची बी.एफ.ए. ही चार वर्षांची पदवी आहे आणि राज्याच्या कला प्रवेश परीक्षेतील चित्रकलेच्या कामगिरीवर तिचे प्रवेश होतात. मुंबईचे १८५७मध्ये सुरू झालेले सर ज. जी. कला महाविद्यालय या परंपरेतील अग्रणी. राज्यात अन्यत्रही कला महाविद्यालये आहेत. डिझाइन म्हणजे संरचनेची पदवीही चार वर्षांची असते आणि राष्ट्रीय पातळीवरील संस्थांत तिच्यासाठी स्वतंत्र अभिरुची परीक्षा घेतली जाते. सराफी पेढी, साड्यांचे दुकान, फर्निचरचा कारखाना किंवा छपाईचा व्यवसाय असलेल्या घरात अशा मुलाला 'वेळ वाया घालवतो' म्हणण्याआधी, आपण बाहेरच्या नक्षीकाराला आणि जाहिरातवाल्याला वर्षाला किती पैसे देतो, तेवढे वडिलांनी एकदा मोजून पाहावे.

देणगी, शुल्क आणि अल्पसंख्याक जागा

मध्यम गुण आणि बऱ्यापैकी ऐपत, अशी सांगड दिसली की मध्यस्थ हजर होतो. 'अमुक लाख दिले की नामांकित महाविद्यालयात जागा पक्की', हे त्याचे बोलणे ठरलेले. महाराष्ट्रात १९८७च्या कायद्याने ठरलेल्या शुल्काव्यतिरिक्त प्रवेशासाठी पैसे घेण्यास बंदी आहे. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि ते पाहण्यास उपलब्ध असते. अभिमत विद्यापीठांच्या प्रवेशाची व शुल्काची पद्धत निराळी असते. तेथे संपूर्ण आकडा लेखी मागावा. रोखीने आणि पावतीवाचून मागितलेला पैसा हा व्यवहार नसून जोखीम आहे, हे व्यापाऱ्याला दुसऱ्याने सांगायला नको. आणि पैशाहून मोठी गोष्ट अशी, की आपली जागा विकत घेतलेली आहे हे मुलाला माहीत असते. अचौर्य आणि सत्य ही अणुव्रते घरात शिकवायची आणि मुलाच्या आयुष्यातील पहिला मोठा व्यवहार पावतीवाचून करायचा, यातील विसंगती मुलांच्या नजरेतून सुटत नाही.

कायदेशीर सवलत मात्र हक्काने घ्यावी. २०१४च्या जानेवारीत केंद्र शासनाने जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले. ज्या महाविद्यालयांना जैन धार्मिक अल्पसंख्याक दर्जा आहे, तेथे महाराष्ट्रात किमान ५१ टक्के जागा या समाजातील विद्यार्थ्यांसाठी असतात. चांदवडच्या श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रमासारख्या संस्थांनी अभियांत्रिकी, औषधनिर्माण आणि सर्वसाधारण पदवीची महाविद्यालये चालवली आहेत. अशा जागांवरील स्पर्धा मर्यादित असल्याने मध्यम गुणांच्या विद्यार्थ्याला त्या विशेष उपयोगी पडतात. अडचण येते ती कागदपत्रांत. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'जैन' हा शब्द नसणे, केवळ पोटजातीचे नाव असणे, हे अनेक घरांत आढळते. दाखल्यातील नोंद मूल शाळेत असतानाच तपासून घ्यावी, आणि प्रवेशाच्या वर्षी माहितीपुस्तिकेत सांगितलेला पुरावा किंवा प्रतिज्ञापत्र आधीच तयार ठेवावे.

समाज म्हणजे सारेच सधन, ही समजूतही खरी नाही. छोटे दुकानदार, पेढीवरील मुनीम, शेतकरी जैन कुटुंबे पुष्कळ आहेत. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क २०२४-२५पासून राज्याने पूर्ण माफ केले आहे. अट अशी, की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ही सवलत नाही. म्हणजे घाईने व्यवस्थापन कोट्यातील जागा घेणारे कुटुंब दोनदा नुकसान सोसते. शैक्षणिक कर्जाच्या आदर्श योजनेत ठरावीक मर्यादेपर्यंत तारण लागत नाही, हेही लक्षात असावे.

मुलीची चार वर्षे

या विषयात सर्वांत अवघड प्रश्न मुलींचा आहे, आणि तो टक्क्यांचा नाही. नव्वद टक्के मिळवणाऱ्या मुलीला आता घरे बाहेरगावी पाठवतात. तिच्या गुणांचा त्यांना अभिमान असतो. पंचावन्न टक्क्यांच्या मुलीला मात्र कोणी बाहेर पाठवीत नाही. 'एवढ्या गुणांवर एवढा खर्च कशाला?' हा प्रश्न तेवढ्याच गुणांच्या भावाबाबत विचारला जात नाही.

नव्या पदवीतील बाहेर पडण्याची सोय येथे दुधारी ठरू शकते. एका वर्षात प्रमाणपत्र, दोन वर्षांत पदविका, ही व्यवस्था आजारपण, आर्थिक संकट, स्थलांतर अशा प्रसंगांसाठी आहे. स्थळ आले म्हणून दुसऱ्या वर्षी मुलीला थांबवायचे आणि 'पदविका तर मिळाली' असे समाधान मानायचे, यासाठी ती नाही. लग्न ठरलेच, तर परत येण्याची तीन वर्षांची मुदत आणि श्रेयांकांचे खाते यांची माहिती सासरच्या मंडळींना देऊन, उरलेले शिक्षण पूर्ण करण्याचे बोलणे आधी करावे. चौथे वर्ष पूर्ण केलेली मुलगी एका वर्षात पदव्युत्तर होते; पुढे संसारात अडचण आली तर तिच्या हाताशी काहीतरी असते. सोन्याचे दागिने घडवताना ज्या हेतूने ते घडवले जातात, त्याच हेतूने ही चार वर्षेही मोजावीत.

राहण्या-जेवण्याची काळजी खरी असते. रात्रीभोजनाचा त्याग, कंदमुळे वर्ज्य, हे नियम पाळणाऱ्या घरांना वसतिगृहाची खाणावळ ही क्षुल्लक बाब वाटत नाही. परंतु पूर्वजांनी ही अडचण ओळखूनच बोर्डिंगे उभारली. कोल्हापूर, सांगली येथील जैन बोर्डिंगे, शंभर वर्षांहून जुने असलेले श्री महावीर जैन विद्यालय यांनी पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांची सोय केली. त्यांपैकी कोठे मुलींची व्यवस्था आहे, किती जागा आहेत, अर्ज कधी निघतात, याची चौकशी महाविद्यालय निवडण्यापूर्वी करावी. प्रवेश झाल्यावर धावपळ करून सहसा जागा मिळत नाही.

पदवी नसलेला शिक्षणमहर्षी

याच मातीत एक उदाहरण आहे, ज्याची आठवण मध्यम गुणांच्या प्रत्येक घरात व्हावी. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म १८८७मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे जैन शेतकरी कुटुंबात झाला. शालेय शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिले. परीक्षांतील यश त्यांच्या वाट्याला आले नाही आणि कोणत्याही महाविद्यालयाची पदवी त्यांनी घेतली नाही. त्याच भाऊरावांनी १९१९मध्ये रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, 'कमवा आणि शिका' ही योजना रुजवली आणि १९४७मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय उभे केले. १९५९मध्ये पुणे विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डी.लिट. दिली. गुणपत्रिकेने ज्याची दखल घेतली नाही, त्याने हजारोंच्या हाती गुणपत्रिका दिल्या. या चरित्रावरून अभ्यासाची गरज नाही, असा अर्थ कोणी काढू नये. भाऊरावांनी आयुष्यभर इतरांना शिक्षणाकडेच आणले. एका परीक्षेवरून माणूस मोजता येत नाही, एवढे त्यातून घ्यावे.

निवडताना विचारावयाचे प्रश्न

माल घेताना जे प्रश्न व्यापारी सहज विचारतो, तेच येथे विचारावेत. महाविद्यालयाची संलग्नता कोणत्या विद्यापीठाशी आहे आणि ती चालू आहे काय? विद्यापीठ अनुदान आयोग बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतो. नवख्या नावाची तीत खात्री करून घेतली काय? नॅकची श्रेणी कोणती आणि कोणत्या वर्षाची? माहितीपुस्तिकेतील शुल्क एका वर्षाचे असते. चार वर्षांचे शुल्क, वसतिगृह, भोजन, प्रवास आणि परीक्षा यांची बेरीज किती होते? सर्वांत महत्त्वाचा प्रश्न कोणी विचारीत नाही : मध्यम गुणांनी आत आलेल्या विद्यार्थ्यांपैकी किती जण ठरलेल्या मुदतीत पदवी घेऊन बाहेर पडतात? पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याचे छायाचित्र प्रत्येक जाहिरातीत असते. पंचावन्न टक्क्यांनी आत येऊन सत्तर टक्क्यांनी बाहेर पडलेले विद्यार्थी ज्या महाविद्यालयात भेटतात, तेथील शिक्षक खरे शिकवतात असे समजावे. शक्य झाल्यास दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांशी मुलाला एकट्याने बोलू द्यावे. वडील शेजारी उभे असले की मुले खरे विचारीत नाहीत.

निवडीचे कागद तयार झाले, की तीन नावे लिहावीत. एक महाविद्यालय असे, की जेथे प्रवेश मिळणे थोडे अवघड आहे. दुसरे, जेथे मिळण्याची बरीच शक्यता आहे. आणि तिसरे, जेथे तो निश्चित मिळेल आणि जेथे जाण्यास मूल मनापासून तयार आहे. तिसरे नाव नाराजीने लिहिलेले असेल तर यादी पुन्हा करावी, कारण पुष्कळदा तेच नाव शेवटी कामी येते. ही यादी करताना काका-मामांचे मत जरूर ऐकावे, पण अखेरचा शब्द ज्याला चार वर्षे त्या वर्गात बसायचे आहे त्याचा असू द्यावा. आणि निकालाच्या आठवड्यात, नातेवाइकांचे दूरध्वनी सुरू होण्यापूर्वी, आई-वडिलांनी मुलासोबत बसून एवढे सांगावे, की टक्के कळले, आता पुढे काय शिकायचे ते सगळे मिळून पाहू. त्या एका वाक्याने मूल घरात मोकळेपणाने बोलू लागते, आणि त्यानंतरची बहुतेक कामे अर्ज भरण्याची आणि मुदती पाळण्याचीच असतात.